मातृत्व आणि मजुरी

आईची थोरवी गाणें मराठी माणसाला शिकवावें लागत नाहीं. कीर्तनकाराच्या निरूपणापासून शाळेंतल्या निबंधापर्यंत तिचें माहात्म्य सर्वत्र सांगितलें जातें, आणि त्यांत खोटें असें कांहीं नाहीं. परंतु थोरवी गाणारा मनुष्य क्वचितच असें विचारतो कीं, गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत आणि त्यापुढच्या सव्वा महिन्यांत त्या बाईच्या पोटापाण्याची व्यवस्था कोणीं केली? तिचें बुडालेलें काम कोणीं उचललें? आणि हें मूल व्हावें कीं न व्हावें, असें तिला कोणीं विचारलें होतें काय? आजच्या भाषणाचा विषय तिची थोरवी हा नसून हा साधा जमाखर्च आहे, आणि तो स्त्रीच्या बाजूनें मांडावयाचा आहे.

पूर्वीं हा जमाखर्च कोणी मांडीतच नसे असें नाहीं. सुखवस्तु मराठी घरांत त्याची एक ठरलेली रीत होती. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावयाचें; सातव्या महिन्यांत मुलगी बापाच्या घरीं यावयाची; डोहाळजेवणाच्या हौसेंत तिचीं चार कामें कमी व्हावयाचीं; आणि प्रसूतीनंतर बाजेखालची शेगडी, ओवा, बाळंतशेपा, डिंकाचे व अळिवाचे लाडू हा सारा सरंजाम मुलीच्या माहेरानें पुरवावयाचा. खर्च बापाचा, कष्ट आईचे. सासरच्या कुळाला वंशाचा दिवा मिळे, आणि त्याच्या तेलाचे पैसे व्याही भरी. दहा दिवसांची सुवेर आणि सव्वा महिन्याचें बाळंतपण हीच त्या काळची प्रसूतीची रजा. ती मिळे, पण विश्रांति हा बाईचा हक्क आहे म्हणून नव्हे, तर तिचा विटाळ होतो म्हणून. खोली अंधारी, खिडकी बंद, धूर कोंडलेला. तरी निदान तेवढे दिवस जातें, पाणी आणि चूल यांपासून तिची सुटका होई. चुकीच्या समजुतीच्या पोटीं एखादी योग्य गोष्टहि जन्मास येते, त्यांतलाच हा प्रकार.

ही रीतहि ज्यांच्या कणगींत दाणे शिल्लक होते त्यांचीच. मजुरी करणाऱ्या बाईला ना कोणी बाजेवर बसविलें, ना तिच्यासाठीं अळीव दळले. शेताच्या बांधावर बाळंत होऊन संध्याकाळीं डोक्यावर भारा घेऊन घरीं आलेल्या बाईची गोष्ट गांवोगांव कौतुकानें सांगितली जाते. ती सांगणारा बहुधा पुरुष असतो.

मातृत्वाचा सन्मान सर्वांना सारखा होता असेंहि म्हणतां येत नाहीं. विधवेला दिवस गेले म्हणजे तेंच मातृत्व पाप ठरे, आणि त्या पापाची शिक्षा तिला एकटीला मिळे. दुसऱ्या भागीदाराचें नांव कोठें निघत नसे. म्हणूनच १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढून अशा स्त्रियांच्या सुरक्षित बाळंतपणाची सोय केली. तेथें जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्या दांपत्यानें दत्तक घेतलें. तो पुढें डॉक्टर झाला. १८८१ सालीं सुरतेकडील एका विधवेला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा फर्मावण्यांत आली. ती पुढें कमी झाली. पण त्या निमित्तानें वर्तमानपत्रें समग्र स्त्रीजातीवर तुटून पडलीं, आणि त्या संतापांतून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक लिहिलें. दोष दोघांचा असतां शिक्षा एकीलाच कां, हा तिचा सवाल होता. डॉ. आनंदीबाई जोशी यांची हकीकत तर सर्वश्रुत आहे. त्या चौदाव्या वर्षीं आई झाल्या; मूल दहा दिवसांत गेलें. योग्य उपचार मिळाले असते तर तें वांचलें असतें, या जाणिवेनें त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १८८६ सालीं अमेरिकेंत पेन्सिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यक विद्यालयाच्या पदवीधर झाल्या. पदवीसाठीं त्यांनीं प्रबंधाचा विषय घेतला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षीं, बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, त्या वारल्या.

परंतु मजुरी आणि मातृत्व यांचा उघड सामना झाला तो मुंबईच्या कापडगिरण्यांत. १९२० नंतरच्या वर्षांत तेथील कामगारांपैकीं सुमारें एक पंचमांश स्त्रिया होत्या. रीलिंग व वाइंडिंग हीं खातीं मुख्यत्वें त्यांचीं, आणि त्यांच्यावर देखरेख नायकिणीची. कोंकणांतून आणि घाटावरून आलेल्या या बायांचें माहेर बोटीच्या नाहीं तर आगगाडीच्या अंतरावर. कांहीं जणी बाळंतपणासाठीं गांवीं जात. म्हणजे तेवढी मजुरी बुडे, आणि परत आल्यावर पूर्वीची जागा मिळेलच याची खात्री नसे. मधल्या काळांत ती जागा दुसरीला गेलेली असे, आणि नायकिणीचा हात ओला केल्यावांचून ती पुन्हां मोकळी होत नसे. ज्यांना गांवीं जाणें परवडत नसे, त्या दिवस भरेपर्यंत यंत्रापाशीं राहत आणि अंगांत उभें राहण्याचें बळ येतांच परत कामावर हजर होत. तान्हें मूल चाळींतल्या खोलींत राही. तें रडूं नये, भुकेनें जागें होऊं नये, म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल होती. सरकारतर्फे १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरनें या बायांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हां जवळजवळ सर्वच तान्ह्यांना अफू दिली जाते असें तिला आढळलें.

या आयांना दोष देणें सोपें आहे, आणि तो पुष्कळांनीं दिलाहि. पण दिवसाचे नऊ-दहा तास गिरणींत काढणाऱ्या बाईनें दुसरें काय करावयाचें होतें, तें दोष देणाऱ्यांपैकीं कोणीं सांगितलें नाहीं. १९२१ सालीं मुंबईंत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें ६६६ अर्भकमृत्यु नोंदले गेले. हा आंकडा खऱ्या प्रमाणापेक्षां फुगलेला आहे, कारण कित्येक मुलें गांवीं जन्मत आणि मुंबईंत मरत. जन्म एका वहींत, मृत्यु दुसऱ्या. तथापि त्यांतून कितीहि वजाबाकी केली तरी जें उरतें तें कोणत्याहि शहराला मान खालीं घालावयास लावील असेंच आहे.

जगांत याच सुमारास एक नवी गोष्ट घडली होती. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें प्रसूतीसंबंधीं एक करार मंजूर केला. प्रसूतीच्या आधीं सहा व नंतर सहा आठवडे कामांतून सुटका, अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसांतून दोनदां अर्धा-अर्धा तास मोकळीक, आणि या काळांत तिच्या व मुलाच्या निर्वाहास पुरेल एवढी रक्कम, असा त्याचा सारांश. यांतील सर्वांत महत्त्वाचें कलम असें कीं, ही रक्कम सार्वजनिक तिजोरींतून किंवा विम्याच्या योजनेंतून द्यावयाची होती. एकट्या मालकाच्या खिशांतून नव्हे. हें कलम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढची सारी गुंतागुंत तें विसरल्यामुळें झालेली आहे.

हिंदुस्थान सरकारला हा करार येथें लागू करणें शक्य वाटलें नाहीं. नारायण मल्हार जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत बिल आणलें, तें फेटाळलें गेलें. मग मुंबई इलाख्याच्या कौन्सिलांत असवले यांनीं १९२८ सालीं बिल मांडलें. त्यावर २८ जुलै १९२८ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांचें प्रतिपादन थोडक्यांत असें होतें: प्रसूतीच्या आधीं व नंतर आईला कांहीं काळ विश्रांति मिळणें हें सबंध राष्ट्राच्या हिताचें आहे; प्रजेचें कल्याण ही मुख्यतः सरकारची काळजी असल्यामुळें या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारनेंच उचलावयास हवा; परंतु मालकहि यांतून पूर्णपणें मोकळा होऊं शकत नाहीं, कारण तो स्त्रियांना कामावर ठेवतो तो त्यांत त्याचा लाभ आहे म्हणून. दया, भूतदया, अबलांचा उद्धार असल्या शब्दांचा आश्रय न करतां त्यांनीं प्रश्न हिशेबाच्या पातळीवर आणला, आणि तो तेथेंच आणावयास हवा होता. ज्या सभागृहांत हा वाद चालला तें सभागृह पुरुषांचें होतें, हेंहि नमूद करणें अवश्य आहे.

१९२९ सालीं तो कायदा झाला. देशांतील या प्रकारचा पहिलाच. बाळंत झालेल्या बाईला चार आठवडे कामावर घेण्यास त्यानें बंदी केली आणि मालकानें तिला रोज आठ आणे द्यावे असें ठरविलें. तीन आठवडे आधींचे व चार नंतरचे धरले तर एकूण ४९ दिवस, म्हणजे २४ रुपये ८ आणे. आजच्या कानांना ही रक्कम हास्यास्पद वाटेल. पण त्या वेळच्या स्त्रीच्या मजुरीच्या निम्म्याहून ती अधिक होती, आणि मुख्य म्हणजे ती मागण्याचा बाईला अधिकार होता. कोणापुढें पदर पसरावयाचा नव्हता.

पण सरकारनें स्वतःच्या तिजोरीला हात लावला नव्हता. सारा भार मालकावर टाकलेला, आणि मालक हिशेबाला पक्का. ज्या बाईमुळें खर्च होणार ती बाईच नको, हा त्यावरील सर्वांत स्वस्त तोडगा. पोट दिसूं लागतांच कांहीं ना कांहीं निमित्तानें नांव कमी करणें, नव्या भरतींत विधवा किंवा उतारवयाच्या बाया पसंत करणें, आणि शेवटीं पुरुषच घेणें, असे प्रकार सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण त्या दशकापासून सारखें घसरत गेलें. १९६० च्या सुमारास तें दहांत एक इतकेंहि उरलें नव्हतें. याला हा कायदाच कारण असें म्हणणें अन्यायाचें होईल. स्त्रियांना रात्रपाळीची बंदी होती, यंत्रें सुधारलीं, रीलिंगचें काम आटलें, हीं कारणेंहि तितकींच मोठीं. तरीपण आई होणारी बाई महाग पडते, ही समजूत मालकांच्या मनांत बसली ती या काळांत, आणि ती अजून निघालेली नाहीं.

ही झाली गरोदर राहिल्यावरची कथा. गरोदर राहावें कीं नाहीं हें ठरवावयाचें कोणीं, हा प्रश्न त्याहून अवघड; त्याचें नांव काढणेंहि असभ्य समजलें जाई. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं तें काढलें. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, पुढें त्यापायीं प्राध्यापकाची नोकरी गमावली, आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक चालविलें तें १९५३ सालच्या आपल्या मृत्यूपर्यंत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यांत त्यांचें वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनीं घेतलें होतें. कर्व्यांच्या लिखाणांतील सर्वच मतें सर्वांना पटतील असें नाहीं, आणि पटावींत असा त्यांचाहि आग्रह नसे. परंतु मूल होणें ही केवळ दैवाची गोष्ट नसून स्त्रीच्या इच्छेची गोष्ट आहे, हा त्यांचा मुद्दा आजहि अबाधित आहे. त्यांनीं व मालतीबाईंनीं मूल होऊं न देण्याचें ठरविलें, आणि त्यासाठींची शस्त्रक्रिया त्यांनीं स्वतःवर करून घेतली. ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील शंभर विवाहित जोडप्यांमागें सुमारें ३८ ठिकाणीं स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषाची शस्त्रक्रिया हजारांत तीन. पुरुषाची शस्त्रक्रिया दोहोंत लहान व कमी धोक्याची, हें कोणीहि डॉक्टर सांगेल.

१० नोव्हेंबर १९३८ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळांत स्वतंत्र मजूर पक्षाचे रोहम यांनीं संततिनियमनाच्या प्रसारासंबंधीं ठराव मांडला, भाषण डॉ. आंबेडकरांनीं तयार केलें होतें. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांच्या वांट्यास आल्या असत्या तर एकाहून अधिक मूल होऊं देण्यास त्यांच्यांतला कोणीहि तयार झाला नसता, असें त्यांत सांगितलें होतें. ठराव मोठ्या बहुमतानें पडला. त्या काळीं बाळंतपण म्हणजे मृत्यूशीं गांठ कशी होती, हें १९४६ च्या भोर समितीच्या अहवालावरून कळतें. दर हजार प्रसूतींमागें सुमारें वीस आया दगावतात, म्हणजे वर्षाला जवळजवळ दोन लक्ष, असा त्या समितीचा अंदाज होता. २०१८-२० या काळांत हें प्रमाण देशांत दर लक्ष जन्मांमागें ९७ आणि महाराष्ट्रांत ३३ इतकें खालीं आलें. वैद्यकानें आणि परिचारिकांनीं मिळविलेलें हें यश फार मोठें आहे, आणि त्याची जितकी वाखाणणी करावी तितकी थोडी. पण जीव वांचणें वेगळें आणि निर्णय हातीं येणें वेगळें. गर्भपाताचा १९७१ चा कायदा ज्या समितीच्या शिफारशींवरून झाला, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा हे होते. तो कायदा उदार खरा. तरी त्यांत अखेरचें मत डॉक्टरचें, बाईचें नव्हे. २०२१ च्या दुरुस्तीनें मुदत वाढली, ‘नवरा’ या शब्दाच्या जागीं ‘जोडीदार’ हा शब्द आला, आणि २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अविवाहित स्त्रीलाहि तोच अधिकार दिला. सज्ञान स्त्रीच्या बाबतींत कायदा नवऱ्याची सही मागत नाहीं. ती मागणारे दवाखाने मात्र अद्याप पुष्कळ आहेत.

आतां पुन्हां खर्चाकडे वळूं. स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं कामगार विम्याचा कायदा झाला, आणि त्यांत प्रसूतीचा लाभ विम्याच्या फंडांतून देण्याची तरतूद आली. १९१९ च्या कराराचें तें कलम येथें प्रथम खरोखर पाळलें गेलें. पण तें कांहीं ठराविक कारखान्यांपुरतें आणि ठराविक पगारापर्यंतच. बाकीच्यांसाठीं १९६१ चा प्रसूति-लाभ कायदा, त्यांत मालकानेंच सारें द्यावयाचें. २०१७ सालीं पहिल्या दोन मुलांसाठीं रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली. पुढें या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत घेण्यांत आल्या. सव्वीस आठवडे ही सुधारणा अभिनंदनीय आहे यांत शंका नाहीं. परंतु खर्चाचा भार पुन्हां मालकावरच, आणि त्यामुळें १९२९ चेंच नाटक नव्या रंगमंचावर चालूं झालें आहे. मुलाखतींत तरुण मुलीला लग्न कधीं, मुलाबाळांचा विचार काय, असे प्रश्न विचारले जातात. तिच्या शेजारीं बसलेल्या तरुणाला ते विचारले जात नाहींत. तिसऱ्या मुलाच्या वेळीं रजा बारा आठवडेच, हीहि विचित्र तजवीज. लोकसंख्येचें धोरण कांहींहि असो, तिसऱ्या बाळंतपणांत आईचें शरीर अधिक शिणलेलें असतें, कमी नव्हे. आणि तिसरें मूल बहुतेक घरांत कोणाच्या हट्टानें होतें तें सर्वांना ठाऊक आहे.

तरी हीं सर्व पगारदार स्त्रियांचीं सुखदुःखें. देशांत कष्ट करणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना मालक असा दाखवितांच येत नाहीं. मग रजा कोणाकडे मागावयाची? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें प्रत्येक गरोदर स्त्रीला, सरकारी नोकर व अन्य कायद्यांचा लाभ मिळणाऱ्या वगळून, निदान सहा हजार रुपये देण्याचें वचन दिलें. २०१७ ची मातृवंदना योजना त्यासाठींच निघाली. तिच्यांत मिळतात ते पांच हजार, तेहि हप्त्यांनीं आणि पहिल्या मुलासाठीं. पुढें दुसरें मूल मुलगी झाल्यास सहा हजार देण्याचें ठरलें. मुलींचें स्वागत व्हावें हा हेतु चांगला. परंतु दुसऱ्या वेळीं मुलगा झालेल्या आईला विश्रांति लागत नाहीं काय? पांच हजारांस सव्वीस आठवड्यांनीं भागलें तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात. एवढ्यावर कोणती मजूर बाई घरीं बसेल, याचें गणित प्राथमिक शाळेंतील मुलालाहि करतां येईल.

याचें सर्वांत कठोर चित्र पाहावयाचें असेल तर बीड जिल्ह्यांत जावें. दिवाळीच्या आगेंमागें तेथील गांवें ओस पडतात. ऊसतोडीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात, आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मुकादम उचल देतो ती नवराबायकोच्या जोडीला. या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. पहांटे उठून चूल पेटवावयाची, भाकरी बडवावयाच्या, मग फडांत जावयाचें. नवऱ्यानें तोडलेला ऊस वाढें काढून मोळ्यांत बांधावयाचा, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढवावयाची. रात्रीं ट्रक आला तर रात्रींहि. राहावयाला कोपी, पाणी दूर, आडोसा नाहीं. एक दिवस काम चुकलें कीं खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबांत. पाळी असो, पोट असो, बाळंतपण होऊन पंधरा दिवस झालेले असोत, खाडा तो खाडा.

अशा जीवनांत गर्भाशय ही वस्तूच परवडेनाशी होते. पाळीच्या किंवा अंगावरून जाण्याच्या तक्रारीसाठीं बाई दवाखान्यांत गेली कीं पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळे. मुलें झालेलींच आहेत, रोजची कटकट तरी संपेल, असें तिलाहि वाटे. आणि शस्त्रक्रियेचा पैसा मुकादमाकडून उचल म्हणून येई. २०१९ सालीं या प्रकाराचा बोभाटा झाला, तेव्हां नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं राज्य सरकारनें समिति नेमली. तिच्या पाहणींत जिल्ह्यांतील सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिकांची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहांत एक. त्यांत पुष्कळ जणी चाळिशीच्या आंतल्या. सबंध देशाचें प्रमाण त्या सुमारास शंभरांत तीनच्या जवळपास होतें. त्यानंतर सिव्हिल सर्जनच्या परवानगीवांचून बीडमध्यें अशी शस्त्रक्रिया करूं नये असा निर्बंध आला, तो योग्यच. पण शस्त्रक्रिया थांबविल्यानें खाडा थांबत नाहीं. एका बाजूला मातृत्वाचा गौरव करणारा समाज आणि दुसऱ्या बाजूला दिवसाच्या मजुरीसाठीं मातृत्वाचें इंद्रियच काढून टाकणारी स्त्री, हीं दोन्ही एकाच राज्यांत, एकाच भाषेंत नांदत आहेत. आणि त्या उसाची साखर बाळंतविड्याच्या लाडवांतहि पडते.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. तमिळनाडूंत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नांवानें चालणाऱ्या योजनेंतून गरीब गरोदर स्त्रीला २०१८ पासून १८ हजार रुपयांची मदत ठरली. पैसा तेथेंहि झाडाला लागत नाहीं. साखर कारखान्यांत येणाऱ्या प्रत्येक टनाचें वजन होतें, पावती होते, त्यावर अनेक कर व कपाती आकारल्या जातात. त्यांतच आईच्या विश्रांतीचा अंश धरणें हें हिशेबनिसाच्या दृष्टीनें तरी कठीण नाहीं. कठीण आहे तें एवढेंच कीं, त्यासाठीं ती बाई कामगार आहे हें प्रथम कोणत्या तरी वहींत लिहिलें गेलें पाहिजे. मुकादमाची वही उघडून पाहिली तर तींत नवऱ्याचें नांव, त्यापुढें उचलीची रक्कम, आणि शेवटच्या रकान्यांत ‘कोयता १’ एवढीच नोंद असते.